सतरा नंबरची सात मुलं

शांती नगर, मीरा रोड
१८ जून २०२५

मॅबेल,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. तू व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस, फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाची पायरी चढावी लागली. खिडकीतली मुलगी म्हणाली, “मुरबाडला पत्र? कोर्टाचं हाय का मॅडम?” बाकी कुठल्या कारणासाठी माणसं पत्र लिहीत असतील, हे तिच्या वयाला माहीत नाही.

बरी असशील. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना सरकार निदान हवा तरी चांगली देतं.

मुद्द्यावर येते. चौक गावच्या मोझेसनं खात्याकडे तक्रार केलीय. त्याची जोआन दहावीला गणितात आणि विज्ञानात गेली. तिच्यासोबतची बाकीचीही गेली, एकानं तर परीक्षाच दिली नाही. सातच्या सात, आणि सगळी सतरा नंबरची. आता चौकशी लागलीय. चौकशी अधिकारी सज्जन आहेत, चहात साखर घेत नाहीत, त्यामुळे त्यांना पाघळवणं अवघड जातं. त्यांनी विचारलं, हे सतरा नंबर म्हणजे तुमच्या शाळेत नेमकं काय प्रकरण आहे? मी म्हटलं, साहेब, ज्या मुलाला शाळेचा रोजचा ताण झेपत नाही त्याला आम्ही शाळा सोडल्याचा दाखला देतो, आणि तो सतरा नंबरचा अर्ज भरून घरी राहून दहावीला बसतो. मुलाच्या भल्यासाठी. ते म्हणाले, “आणि नापास झाला तर तुमच्या निकालात धरला जात नाही.” मी म्हटलं, तो निव्वळ योगायोग.

त्या सातांच्या यादीखाली दोन सह्या आहेत, माझी आणि तुझी. तुला जबाबाची नोटीस येईल. त्यात एवढंच लिहायचंय, की तू यादी वाचून, पटून सही केलीस. मग तो दोन अनुभवी शिक्षिकांचा शैक्षणिक निर्णय ठरतो आणि फाइल मिटते. न वाचता केली असं लिहिलंस, तर निर्णय माझ्या एकटीचा ठरतो. माझी सहा वर्षं राहिलीत, मॅबेल. मुख्याध्यापक म्हणून मान्यता जाईल, पेन्शन अडकेल.

नाही म्हणू नकोस. निदान ब्लॉक तरी काढ.

समिधा


३० जून २०२५

मॅबेल,

बारा दिवस झाले. मुरबाडला टपाल बैलगाडीनं जातं की तू बैलासारखी बसलीयस, हे कळायला मार्ग नाही.

तू मला राक्षसीण समजतेस, म्हणून आठवण देते. छोट्या शाळांची ही कल्पना तुझी होती. जितेंद्रभाईंची नव्हे. ते संस्थेचे सचिव झाले, परदेशातून एक कोर्स करून आले, तेव्हा आपला निकाल एक्केचाळीस टक्के होता आणि संस्थेला शाळेपेक्षा शाळेची जागा जास्त आवडायला लागली होती. तू दहा वर्षं ओरडत होतीस, की अकराशे मुलांच्या शाळेत मूल हरवतं, त्याला ओळखणारं एक माणूस हवं. जितेंद्रभाईंनी ते ऐकलं, इंग्रजीत घातलं, आणि पडद्यावर दाखवलं. “बेन, बडा स्कूल मतलब बडा प्रॉब्लेम. छोटा कर दो.” म्हणून एका इमारतीत चार छोट्या शाळा झाल्या. जिज्ञासा, भरारी, झेप आणि उमेद. भरारी तळमजल्यावर, कारण वरच्या मजल्यावर जागा नव्हती. चार फलक, चार प्रार्थना, चार घंटा. संडास मात्र एकच. मधल्या सुट्टीत चारी संस्कृतींचा संगम तिथेच व्हायचा.

पण मॅबेल, पहिल्या वर्षी ते चाललं. हे मी कबूल करते, कारण तू समोर नाहीस. तू उमेद घेतलीस, मी झेप. तू सकाळी चौकच्या, म्हणजे तुझ्याच गावच्या, बस थांब्यावर उभी राहायचीस आणि गावातली मुलं मोजून बसमध्ये चढवायचीस. “गेविन कुठे? जा, उठव त्याला, सांग मॅबेल मिस बस धरून उभी हाय.” ड्रायव्हर शिव्या द्यायचा आणि थांबायचा. त्यातली निम्मी मुलं माझ्या झेपमध्ये होती, तरी तू मोजायचीस. निकाल त्रेसष्टवर गेला. जितेंद्रभाईंनी पेढे वाटले आणि पेढ्यांबरोबर तक्ता वाटला. आता चारी शाळांचा निकाल वेगवेगळा लागणार, आणि जी शाळा शेवटची येईल ती बंद. पुढे ती तुझी उमेदच निघाली, आणि तू अतिरिक्त ठरलीस.

तिथून पुढचं सगळं तुझ्याच तत्त्वावर झालं. आधी अकराशे मुलांत कोण बुडणार, हे मेपर्यंत देवालाही माहीत नसायचं. आता मला आदल्या जूनमध्येच माहीत होतं. नावानिशी, बाकानिशी, बापाच्या धंद्यानिशी. तू म्हणायचीस, प्रत्येक मूल ओळखता आलं पाहिजे. मी ओळखायला शिकले.

सात होती.

समिधा


१४ जुलै २०२५

मॅबेल,

नोटीस तुला मिळालीय, हे मला अधिकाऱ्यांकडून कळलं. तू पंधरा दिवसांची मुदत मागितलीस. एका सहीसाठी पंधरा दिवस! पूर्वी तुला पंधरा सेकंदही लागत नसत.

एकोणीस वर्षं आपण एकमेकींच्या कागदांवर न वाचता सह्या केल्या. तू माझ्या पेपर तपासणीच्या पत्रकांवर, मी तुझ्या पालकसभेच्या इतिवृत्तांवर. स्टाफरूममध्ये कोणी हसलं, की तू म्हणायचीस, “नवऱ्याचा कागद एकदा वाचेन, समिधाचा न्हाय वाचायची.” नवरा तू केलाच नाहीस, त्यामुळे वाक्य सिद्ध करायची वेळ कधी आली नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये, त्या यादीच्या दिवशी, तू जिन्यात होतीस, हातात खडू, एका मुलीच्या वेणीला रबर लावत होतीस. मी कागद पुढे केला. “कसला गं?” म्हणालीस. मी म्हटलं, “नववीचा.” खोटं नव्हतं. नववी पास झालेल्यांचाच होता. तू जिन्याच्या कठड्यावर टेकवून सही केलीस आणि पुन्हा वेणीकडे वळलीस.

मी कधीच खोटं बोलत नाही, हे तुलाही मान्य करावं लागेल. चौकला गेले तेव्हाही बोलले नाही. शनिवारी सकाळी बसनं गेले, बोंबलांच्या वासातून वाट काढत मोझेसच्या अंगणात बसले. त्याच्या बायकोनं, नादियानं, सरबत दिलं. मी म्हटलं, जोआनला घरून दहावी करायची सोय आहे, वर्गाची कटकट नाही, तुमच्याही मदतीला येईल.  शाळा सोडायची म्हटल्यावर मोझेस थिजलाच. मग मी यादी तिपाईवर ठेवली. बोलले काहीच नाही. त्यानं चष्मा लावला.

“ही सही मॅबेलची हाय ना?”

“तिचीच.”

“ती म्हंते का, दाखला काढा म्हणून?”

मी सरबत प्याले. चांगलं होतं, कोकमाचं.

“मंग आमाला काय विचारता, टीचर? तिनंच पोरीला घातली शाळेत. कुटं सही करायची ते दाखवा.”

बाकीच्या सहा घरांत तर मला बसूही दिलं नाही इतकं पटापट झालं. मोझेसच पुढे चालत होता आणि प्रत्येक दारात सांगत होता, “मॅबेलनं सही केलीय.” हजेरी घ्यावी तसं.

तुला कळलं तेव्हा तू गावात गेलीस, आणि त्यांनी विचारलं, सही तुझी की नाही. तू म्हणालीस, माझी. बस्स, एवढंच. ‘पण’ नाही, ‘समिधानं’ नाही. तुझ्या या असल्या बाणेदारपणाचं मला कायम हसू आलंय, आणि आज पहिल्यांदाच त्याचा उपयोग दिसतोय. गावात तुझं नाव गेलंच आहे. मग कागदावर वाचवून करणार काय? न वाचता केली म्हणून लिहिलंस तर अधिकारी पुढचा प्रश्न विचारतील, आणखी किती कागदांवर अशीच केलीत? एकोणीस वर्षांची कपाटं उघडतील. आणि पेन्शन तुलाही आहे.

ही धमकी नाही. काळजी आहे.

समिधा


२६ जुलै २०२५

मॅबेल,

तुझं आंतर्देशीय आज मिळालं. अकरा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं, अजूनही फळ्यावर लिहिल्यासारखं मोठं आहे. इतकी जागा, आणि लिहिलंयस चारच ओळी:

‘वाचून केली असं लिहिते. तू सातांना वर्गात बसव. मार्चला परत बसतील, फॉर्म मी इथून भरते. हजेरी नको, गणवेश नको. बाक दे आणि शिकव.’

किती स्वस्तात सुटले मी, असं पहिल्यांदा मनात आलं. मग वाटलं, यात काही पेच असेल. दोनदा वाचलं. पेच नव्हता. तुझ्या कागदांत कधीच नसतो.

मला मान्य आहे. माझा शब्द आहे.

जबाबाचा मसुदा सोबत जोडलाय, तुझी दगदग वाचावी म्हणून मीच लिहिला. खाली सही करून रजिस्टर पोस्टानं पाठव.

तुझी,
समिधा


२० ऑगस्ट २०२५

मॅबेल,

फाइल मिटली. अधिकाऱ्यांनी जाताना चहा घेतला, साखर घालून.

तुझ्या लक्षात आलं असणार, म्हणून लपवत नाही. ‘वाचून सही केली’ एवढंच आपलं ठरलं होतं. मी मसुद्यात ‘माझ्या शिफारशीने ही नावे घेण्यात आली’ असं एक वाक्य घातलं होतं. घाई होती, वाक्य आपसूक आलं. तू वाचशील आणि खोडशील, असं मला वाटलं होतं. तू तारीख चुकली होती ती दुरुस्त केलीस, आणि ते वाक्य तसंच ठेवलंस. म्हणजे वाचलंस. मग खोडलं का नाहीस? मी दोन दिवस याचा विचार करतेय आणि मला तुझा राग येतोय. माणसानं भांडावं. भांडलीस तर समोरच्याला आपण काय केलं त्याचा अंदाज तरी येतो.

जितेंद्रभाई म्हणाले, “बेन, क्लीन चिट! अब मॉडेल को बाहर ले जाते हैं.” बाहेर म्हणजे इतर शहरांत. आपल्या छोट्या शाळांचं पुस्तक निघतंय. पहिल्या पानावर माझा फोटो आहे, एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवलेला. मुलगी जिज्ञासाची आहे, तिचं नाव मला माहीत नाही.

सातांचं ऐक. पाचच आली. एक वसईला गॅरेजमध्ये लागलाय, एकीचं लग्न ठरवतायत. पाचांना मी विज्ञानाच्या सामानाच्या खोलीत बसवलंय. वर्गात बसवलं असतं तर पट आणि डोकी जुळली नसती, तपासणीत प्रश्न आला असता. खोलीत पंखा नाही, पण बाक आहे. तू बाकच मागितला होतास. मी रोज तिसऱ्या तासाला वीस मिनिटं जाते. जोआन अपूर्णांक चांगले करायला लागलीय. चिडते, रडते, आणि करते. परवा म्हणाली, “टीचर, हे आदीच कुणी असं सांगितलं असतं तर!” आधी ती माझ्याच वर्गात दोन वर्षं होती.

समिधा


१९ सप्टेंबर २०२५

मॅबेल,

तुला कुठूनतरी कळेलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आठ तारखेला तीन शहरांतले लोक आपलं मॉडेल पाहायला आले. तीस माणसं, गळ्यात ओळखपत्रं. त्यांना सगळ्या खोल्या पाहायच्या होत्या. छोटी शाळा म्हणजे पारदर्शक शाळा, असं जितेंद्रभाईंनी पुस्तकात लिहून ठेवलंय. मी आदल्या शुक्रवारी पाचांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. गेविन म्हणाला, “किती दिवस, टीचर?” मी म्हटलं, कळवते.

कळवायचं राहिलं. नंतर त्या खोलीत पाहुण्यांसाठी छापलेली पुस्तकं ठेवलीत.

आता दुसरं. काल बेव्हर्ली पार्कला पार्लरमध्ये गेले. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझं भाषण आहे. खुर्चीत डोकं मागे टाकलं आणि वरून उलटा चेहरा दिसला तो जोआनचा. काळा एप्रन, तोंडात धागा.

“डोळे मिटा, टीचर. कातडी ताणून धरा.”

मी धरली. दुसरं करणार काय? एक भुवई झाली.

“इथं कधीपासून?”

“झाले आट दिवस. मॅडम म्हंते, हात हलका हाय माझा.”

“अभ्यास?”

“कुटला?” ती हसली. मग म्हणाली, “पप्पांनी त्या जबाबाची नक्कल आणली, खात्यातनं. मॅबेल मिसनी लिवलंय, माझ्या शिफारशीनं. आमी समजत हुतो मिसला फसवून सही घेतली कुणीतरी. मम्मी तर रोज तिच्यासाठी मेणबत्ती लावायची. आता न्हाय लावत.”

धागा डोळ्यावर होता, मॅबेल. एक भुवई कोरलेली, एक रानटी. अशा अवस्थेत कोणी खरं बोलतं का?

“दुखलं का, टीचर? पाणी आलं डोळ्यांतनं.”

“धाग्यानं येतंच.”

“पयल्या टायमाला सगळ्यांना येतं,” ती म्हणाली. तिला कोण सांगणार, मी वीस वर्षं भुवया करतेय. आरशात पाहिलं तर दोन्ही अगदी सारख्या. मी आजवर शिकवलेल्या कुठल्याच मुलीनं माझं इतकं नीटनेटकं काम केलं नव्हतं.

पत्र लिहू नकोस. म्हणजे, लिहीतच नाहीस म्हणा.

समिधा


११ जानेवारी २०२६

मॅबेल,

नाताळात तू चौकला आली होतीस, हे मला मोझेसकडून कळलं. शाळेच्या वतीनं गावात पालकसभा घ्यायला मी काल गेले होते. पूर्वी तू घ्यायचीस तिथेच, क्रॉसजवळच्या मांडवात. चाळीस माणसं होती. तुझ्या सभेला किती असायची, आठवत नाही.

माझं प्रास्ताविक होण्याआधीच मोझेस उभा राहिला. बोलत होता माझ्याशी, पण गावाला ऐकवत होता.

“नाताळाच्या दिवशी आली ती दारात, फराळाचा डबा घेऊन. नादियानं दार उगडलं न्हाय. मी खिडकीतनं इचारलं, मॅबेल, तू वाचून सही केली का? म्हंते, कागदावर हाय तेच. मी बोललो, तोंडानं सांग. तर गप. डबा पायरीवर ठेवला आणि गेली. सगळ्या घरांत तसंच. दुसऱ्या दिवशी पयल्या बसनं गेली.”

मागून एक म्हातारी म्हणाली, “लहानपणी बेस होती गो.”

सगळे माझ्याकडे बघत होते. वाटलं, एक वाक्य बोलायचं आहे. फार तर दोन. वाक्य मला येत होतं, मॅबेल, गणिताबरोबर मराठीही शिकवलंय मी सत्तावीस वर्षं. मी मान हलवली. कशाला हलवली, त्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावला. मग मी प्रास्ताविक केलं आणि छोट्या शाळेत प्रत्येक मुलाला नावानं ओळखतात, यावर टाळ्या झाल्या.

तू तेव्हा तोंड का उघडलं नाहीस, हे मला कळतं. आपला करार झाला होता आणि तुला वाटत होतं, मुलं अजून त्या खोलीत बसतायत. सप्टेंबरचं माझं पत्र परत आलंय, पत्ता बदलला म्हणून शेरा मारलेला. मुरबाडवरून तुला आणखी आत पाठवलंय, हे मला आत्ता खात्यातून कळलं, नव्या पत्त्यासकट. म्हणजे ती पाच आता येत नाहीत, हे तुला ठाऊकच नव्हतं. ते पत्र यासोबत घालतेय. आधी हे वाचलंस, तर तेही वाच. मार्चसाठी तू तिकडून पाचांचे अर्ज भरलेस, परीक्षेची प्रवेशपत्रं येतील. ती गावात वाटायला कोणी जाईल असं वाटत नाही.

झेपचा निकाल यंदाही शंभर लागायला हवा, आणि पुढल्या वर्षीही. जितेंद्रभाईंनी तक्ता आत्ताच पाठवलाय. नववीची यादी मी तयार केलीय. नऊ नावं, त्यांतली चार चौकची. मला काळजी होती, उमेद बंद झाली, दुसरी सही आता कोणाची घ्यायची, आणि गावात ती चालेल की नाही.

सभा संपल्यावर मोझेस मला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत म्हणाला, “धाकट्या ॲशलीलाबी तुमच्याकडंच घातलाय, नववीत हाय. काय कागद असंल तर बेधडक घेऊन या, टीचर. दुसऱ्या कुणाची सही नको आमाला. तुमी निदान पोरांना परत बसवलं तरी. तुमचा भरोसा हाय.”

परीक्षा झाली की जाईन. चार घरं आहेत, पहिलं मोझेसचंच, एका सकाळीत आटपतील.

समिधा